मी काही विकत नाही

५ जानेवारी

डॉक्टरांना वाटायला म्हणून कंपनीने पाठवलेल्या डायऱ्यांतली ही एक उरली. उरली म्हणजे मीच उरवली. कव्हर चामड्यासारखं, आत दर महिन्याला एक अवयव, रंगीत. जानेवारीला फुप्फुसं. पुढे उलटून बघितलं, फेब्रुवारीत मूत्रपिंडं आहेत. म्हटलं, यंदा आपणही रोजनिशी लिहू. वाट बघताना हाताला तेवढंच काम.

कारण वाट बघणं हाच माझा धंदा. औषध कंपनीची प्रतिनिधी मी. डॉक्टरांना भेटायचं, आमचं औषध का चांगलं ते पटवायचं, म्हणजे ते चिठ्ठीवर आमचं नाव लिहितात. आणि डॉक्टर भेटणार कधी? शेवटचा पेशंट गेला की. आत्ता कान-नाक-घसावाल्यांच्या दाराशी बसलेय. माझ्यापुढे अजून एक कान आणि दोन घसे आहेत. बाहेर दिवे लागले. घरी नवरा आणि बाबा जेवायला थांबले असतील. थांबू नका म्हणून हजारदा सांगितलंय, पण ऐकतील तर शपथ.

९ जानेवारी

आज मीटिंग. साहेबांनी आमच्या फोनमध्ये एक नवीन ॲप घालून दिलं. आपण कुठे आहोत ते कंपनीला दिसणार आणि रात्री नऊपर्यंत आपण ‘कामावर’ दिसलं पाहिजे.

लंबू उठला. लंबू म्हणजे माझ्या शेजारच्या भागाचा प्रतिनिधी, दारातून आत येताना मान वाकवतो. म्हणाला, “नऊपर्यंत काम, तर जास्तीच्या वेळेचे पैसे किती?”

साहेब असे हसले, की जणू पोराने चंद्र मागितला. “अरे, तुम्ही काय गिरणीत आहात भोंगा वाजायला? तुम्ही विक्रेते! विक्रेत्याला घड्याळ नसतं!” आणि ‘विक्रेते’ म्हणताना माझ्याकडे बघितलं. गेल्या वर्षी वार्षिक संमेलनात ‘विक्रीची महाराणी’ मीच झाले होते ना! पत्र्याचा मुकुट, लाल-हिरवे खडे, सगळ्यांसमोर डोक्यावर चढवला होता.

टाळ्या मीच सुरू केल्या. घरी येताना लक्षात आलं, की पैसे नाही म्हणाले त्यालाच आपण टाळ्या वाजवल्या. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला मला शिडीसुद्धा लागत नाही.

१४ जानेवारी

लंबू आणि आणखी सहा जण कामगार अधिकाऱ्याकडे दावा लावताहेत. मला म्हणाला, “महाराणी, तू आलीस तर वजन पडेल.” मी म्हटलं, वजन पडेल ते तुझ्या डोक्यावर. काय म्हणताहेत बघू तरी म्हणून त्यांच्या वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाई बारीकशा, आवाज मात्र खणखणीत. म्हणाल्या, “नियम सोपा आहे. नोकराला जास्तीच्या वेळेचे पैसे मिळतात. पण बाहेर हिंडून माल विकणाऱ्याला मिळत नाहीत, कारण त्याचा वेळ त्याच्या हातात असतो. कंपनी म्हणणार, तुम्ही विक्रेते. आपण म्हणायचं, आम्ही काही विकत नाही.”

“काही विकत नाही? मग मी बारा वर्षं काय झोपा काढल्या?”

“तुम्ही कधी कुणाकडून औषधाचे पैसे घेतलेत?”

“छे! ते औषधवाला दुकानदार घेतो.”

“झालं तर.”

काय झालं तर? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी उठून आले. लंबू मागे मागे जिन्यापर्यंत आला. त्याला सांगितलं, पैसे गेले खड्ड्यात, पण ‘मला विकता येत नाही’ असं चार लोकांत मी म्हणणार नाही.

खरी गोष्ट इथे लिहिते. मला माझी नाही, बाबांची पंचाईत. बाबांचं कापडाचं दुकान होतं. आयुष्यभर गादीवर बसून ठाणं उलगडली त्यांनी. पडद्याचं कापड बघायला आलेल्या माणसाला पडदे, चादरी आणि वर लेकीच्या लग्नाचं कापड घेऊन पाठवायचे, आणि तो माणूस आभार मानत जायचा. ‘बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात,’ हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दुकान बंद झालं तेव्हा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “धंदा बुडाला नाही, लेकीकडे गेला.” तेव्हापासून दिसेल त्याला सांगतात, पोर माझ्यावर गेलीय. आता त्यांना काय सांगू, की बाबा, मी आजवर एक गोळी विकली नाही?

२० जानेवारी

बाबा आज माझी कामाची बॅग पुसत बसले होते. मी म्हटलं, राहू द्या हो. तर म्हणतात, “चांगली बॅग आहे. कप्पे पुष्कळ. पैसे कुठल्या कप्प्यात ठेवतेस?”

“कसले पैसे?”

“काही नाही,” म्हणाले आणि चेन पुसायला लागले. “पावतीपुस्तक पण दिसत नाही कुठं.”

म्हातारपणी माणूस काहीही विचारतो. नवऱ्याला सांगितलं तर तो नुसता गालात हसला. त्याला सगळ्याचंच हसू येतं.

२९ जानेवारी

आज जे झालं ते लिहितानासुद्धा हसू येतंय. तेव्हा मात्र आलं नव्हतं.

कान-नाक-घसावाल्यांकडे गर्दी होती. बसल्या बसल्या माझा डोळा लागला. नर्सने “पुढचे!” म्हणून हाक मारली, मी धडपडत उठले आणि झोपेतच आत गेले. डॉक्टर नवीन होते, मोठ्या डॉक्टरांचे भाचे. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, मान वळवली आणि काही कळायच्या आत कानात पिचकारी! मी ओरडले, “अहो, मी कंपनीकडून आलेय!” ते म्हणाले, “कुठल्याही कंपनीकडून या, मळ केवढा साठलाय बघा.” आणि भांड्यात दाखवला. खरंच साठला होता.

फी घेतली नाही. बाहेर आले तर साफ झालेल्या कानाला पहिला आवाज ऐकू आला तो ॲपचा. ‘तुम्ही बराच वेळ एकाच जागी आहात. तुम्ही काम करत आहात का?’

असा संताप आला! बारा वर्षं मी या बाकांवर बसतेय. ताप घेऊन बसलेय, लग्नाच्या वाढदिवसाला बसलेय. आणि हे मला विचारतात, काम करतेस का? तिथूनच लंबूला फोन लावला. “माझं नाव घाल.” तो म्हणाला, “काय? जरा मोठ्याने बोल.” मी म्हटलं, “तुझेही कान धुऊन घे, फुकट आहे. माझं नाव घाल!”

१२ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावून घेतलं. चिडले नाहीत, हळवे झाले. ते जास्त वाईट. “महाराणी, तूसुद्धा? मुकुट मी स्वतः पसंत केला होता गं.” मला गलबलून आलं. बाहेर आल्यावर लंबूने विचारलं, “वितळलीस?” म्हटलं, थोडीशी. तो म्हणाला, “त्यांना विचार, ते स्वतः घरी किती वाजता जातात.” परत आत जाऊन खरंच विचारलं. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मुलगा मला काका म्हणायचा बाकी आहे.” मग आम्ही दोघांनी त्यांच्याच खोलीत चहा घेतला. जाताना म्हणाले, “मला कंपनीची बाजू मांडावी लागणार, हं.” म्हटलं, मांडा की, कोण नाही म्हणतंय.

३ मार्च

सुनावणीची तारीख लागली. आठांतून साक्षीला कोण? वकीलबाईंनी माझ्याकडे बोट केलं. कंपनी मुकुटाचा फोटो दाखवणारच, तेव्हा मुकुटवालीच पुढे केलेली बरी, म्हणे.

घरी तालीम चालू आहे. नवरा टेबलावर डाव ठोकून कंपनीचा वकील होतो. “बाई, आपण काय विकता?” मी म्हणायचं, “मी विकत नाही. मी डॉक्टरांना माहिती देते.” एवढंच. वकीलबाईंनी बजावलंय, की हुशारी दाखवायची नाही, रंगात यायचं नाही, माहिती देते म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमलं असतं तर मी या धंद्यात आले असते का?

आज तालीम चालू असताना बाबा दारात उभे. किती ऐकलं कोण जाणे. म्हणाले, “मी येणार सुनावणीला.”

“कशाला बाबा? दिवसभर बाकावर बसायचं, पाठ धरेल तुमची.”

“लेक चार लोकांत बोलणार आणि मी घरात बसू?”

इकडे आड तिकडे विहीर. त्यांच्यासमोर ‘मी काही विकत नाही’ कसं म्हणायचं माझं मला माहीत.

११ मार्च

संपलं. मी केस घालवली. सात जणांचे संसार माझ्या जिभेपायी बुडाले. सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी तोंड उघडण्याआधी वाचता येईल.

कामगार अधिकारी पन्नाशीचे गृहस्थ, चेहरा दमलेला, आणि सारखा खोकला. दोन वाक्यं बोलले की ढास. शेजारी टंकलेखिका, प्रत्येक शब्द टिपत होती. कंपनीचे वकील गुळगुळीत, लोण्यासारखे. साहेब त्यांच्या मागे, माझी नजर चुकवत. बाबा शेवटच्या बाकावर, इस्त्रीच्या शर्टात, दुकानात नवीन माल आल्यासारखे ताठ.

सुरुवात बरी झाली. मी विकत नाही, माहिती देते, विकत नाही, माहिती देते. बाबांकडे बघायचं टाळलं. मग त्या लोण्याने फोटो काढला. मुकुट, मी आणि कानापर्यंत पोचलेलं हसू.

“विक्रीची महाराणी. म्हणजे बाई, हा मुकुट खोटा की तुमचा दावा खोटा?”

मी गप्प. वकीलबाईंनी डोळ्यांनी दटावलं, गप्पच राहा. तेव्हा तो काय म्हणाला असेल? “की कंपनीने चुकून भलत्याच बाईच्या डोक्यावर ठेवला? खरं सांगा, तुम्हाला विकता येतच नाही का?”

मागे बाबा बसलेत हो! माझं डोकं सणकलं. मी म्हणाले, “मला येत नाही? मला?”

“मग दाखवा ना,” तो हसून म्हणाला. “अधिकारीसाहेबांना इतका खोकला आहे. तुमच्या कंपनीचं खोकल्याचं औषध आहे. विका बघू.”

वकीलबाई हरकत घ्यायला उठल्या, पण अधिकारी खोकतच हाताने म्हणाले, होऊ द्या. आणि मी सुटले. केस विसरले, लंबू विसरले, सगळं विसरले.

“साहेब, खोकला कोरडा ना? पाठ टेकली की जास्त येतो?”

“हो,” ते म्हणाले. “अगदी तसंच.”

“मग उठून उशी पाठीशी घेऊन बसता. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून तोंडावर पांघरूण धरता.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“आणि गोड औषध घेतलं तर साखरेची भीती, दुसरं घेतलं तर सकाळी कचेरीत पेंग. हो ना? आमच्यात साखर नाही आणि पेंग येत नाही. वर टोपणातच मापाची रेघ आहे, अंधारात चष्मा शोधायला नको.” असं करत करत मी कुठे पोचले मलाच कळलं नाही. घशातली खवखव कशी शांत होते ते हातवारे करून दाखवलं. टंकलेखिका टाइप करायची थांबली आणि तिने स्वतःचा घसा चाचपला. अधिकारी पुढे वाकून ऐकत होते.

आणि अधिकाऱ्यांनी खिशात हात घातला. पाकीट काढलं. “बाई, द्या बरं एक बाटली. किती झाले?”

“अहो, नाही नाही! मी नाही देऊ शकत!”

“का? बॅगेत आहेत ना?”

“ते नमुने, साहेब. ते फक्त डॉक्टरांना. तुम्हाला दिली आणि पैसे घेतले तर माझी नोकरी जाईल, कदाचित मीच आत जाईन.”

“मग मला हे मिळणार कसं?”

“तुम्ही डॉक्टरांकडे जा. त्यांना वाटलं तर ते लिहून देतील. मग दुकानात जा.”

“आणि डॉक्टरांनी दुसरंच लिहिलं तर?”

“मग दुसरं घ्या. माझा काही इलाज नाही.”

“मी पैसे घेऊन उभा आहे, आणि तुमचा इलाज नाही?”

“माफ करा, साहेब,” मी म्हटलं. रडू यायचं तेवढं बाकी होतं.

त्यांनी पाकीट हळूच खिशात ठेवलं, टंकलेखिकेला म्हणाले, “सगळं घेतलंत ना?” आणि कंपनीच्या वकिलाला विचारलं, “आणखी काही विचारायचंय?” तो नाही म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. माझी कीव आली असावी बिचाऱ्याला. आमचे साहेब छताकडे बघत होते. लंबू तोंडात रुमाल कोंबून हुंदके देत होता, त्याचे खांदे हलताना मी डोळ्यांनी बघितले.

मी कुणाशी बोलले नाही, बाबांना घेतलं आणि तडक रिक्षा केली. काय बोलणार? मी विक्रेती नाही म्हणायला गेले आणि भर सुनावणीत अधिकाऱ्यालाच गिऱ्हाईक केलं. याहून मोठा पुरावा कंपनीला काय हवा? आणि इतकं करून बाटली नाही ती नाहीच दिली. ना इकडची ना तिकडची. बाबा वाटेत बाहेर बघत स्वतःशीच मान हलवत होते. त्यांचं तोंड बघायची माझी हिंमत झाली नाही.

१२ मार्च

सकाळी लंबू आणि वकीलबाई दोघं दारात. मी म्हटलं, आले शिव्या द्यायला. दार उघडून आधीच सुरू केलं, “चुकलं माझं, मी रंगात यायला नको होतं...” वकीलबाईंनी आत येऊन मला मिठी मारली! इतकी बारीक बाई, पण बरगड्या मोडतील असं वाटलं.

“बाई, मी वीस वर्षांच्या वकिलीत असा पुरावा पाहिला नाही,” म्हणाल्या.

“कसला पुरावा?”

लंबू खुर्चीत कोसळला. काल तो रडत नव्हता, हसत होता मेला. “अगं महाराणी, गिऱ्हाईक पाकीट उघडून उभं, आणि तू म्हणतेस मला विकता येत नाही! आम्ही आठ जणांनी वर्षभर ओरडून जे सांगता आलं नसतं, ते तू खोकल्याच्या औषधावर सांगितलंस. आणि विकायला लावलं कोणी, तर कंपनीच्याच वकिलाने!”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मग जो हशा सुटला तो सुटला. नवरा चहाचे कप घेऊन आला तर ट्रे खडखडत होता. त्याला म्हणे काल रात्रीच कळलं होतं, पण मी इतकी तावातावाने रडत होते, की मध्ये बोलायची छाती झाली नाही.

बाबा मात्र आमच्यात नव्हते. सकाळीच फिरायला गेले होते.

२२ एप्रिल

निकाल लागला. जिंकलो! आठही जण, शब्दन् शब्द! मागच्या जास्तीच्या वेळेचे पैसे द्यायचे आणि इथून पुढे घड्याळ लावायचं. निकालात एक वाक्य आहे, वकीलबाईंनी फोनवर दोनदा वाचून दाखवलं: ‘गिऱ्हाईक हातात पैसे घेऊन समोर उभे असताना जिला माल देता येत नाही, तिला विक्रेती म्हणणे या कार्यालयाला शक्य नाही.’

ऐकून उडीच मारली मी. आणि पाय जमिनीला लागायच्या आत बाबा आठवले. आता छापून आलं. सरकारी शिक्का मारून, की यांची लेक विक्रेती नाही.

२५ एप्रिल

कंपनी अपिलात जाणार नाही. त्याऐवजी साहेबांचा सगळ्यांना निरोप: जास्तीचे पैसे द्यावे लागू नयेत म्हणून सर्वांनी सहाच्या ठोक्याला काम थांबवून घरी जावे, डॉक्टरांना सकाळच्या वेळा मागाव्यात. खाली त्यांनी स्वतः लिहिलं होतं, ‘मीसुद्धा निघालो.’

सहाला घरी निघाले तर रस्ता ओळखू येईना. ऊन होतं अजून! आमच्या इमारतीपुढे पोरं चेंडू खेळत होती, आणि बाकावर बाबा, त्यांचे तीन म्हातारे दोस्त, आणि बाबांचा तो गादीवरचा आवाज. इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

“बाटली नाही! दुकान नाही! फळी नाही, गल्ला नाही! नुसत्या शब्दांवर, आणि समोर कोण, तर निकाल देणारा माणूस! त्याने खिशात हात घातला!” बाबांनी स्वतः खिशात हात घालून दाखवला. दोस्तांपैकी एक म्हणाला, “परवा तर तू सांगितलंस दोन्ही खिशांत घातला.” म्हणजे हे रोज चाललंय तर! त्या सकाळी फिरायला गेले तेव्हापासून!

मी समोर जाऊन उभी राहिले. वाटलं, आता सांगून टाकावं. “बाबा, निकाल आलाय. त्यात लिहिलंय, मी विक्रेती नाही म्हणून. मी काही विकत नाही, बाबा. कधीच नाही विकलं.”

“वाचला मी निकाल,” बाबा म्हणाले. “लंबूने आणून दिला. साफ चुकीचा आहे.”

“अहो, काय चुकीचा? आम्ही जिंकलो!”

“गिऱ्हाईकाचा हात खिशात गेला, की विक्री झाली. तिथे झाली! पुढे कापड फाडायचं, घडी घालायची, सुटे द्यायचे, ते नोकराचं काम. चाळीस वर्षं दुकान केलं मी, त्या अधिकाऱ्याला काय कळतंय? अपील करायला पाहिजे.”

“बाबा, अपील करून मी विक्रेती ठरले, तर सगळे पैसे परत जातील. आणि रात्री नऊपर्यंत परत बाकावर.”

बाबांनी विचार केला. दोस्तांकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे. सरकून बाकावर जागा केली.

“मग राहू दे. त्यांना काय समजायचं ते समजू दे.” मी बसल्यावर हळूच विचारलं, फक्त मला ऐकू येईल असं, “पण आपल्यात काय ते खरं सांग. झाली ना विक्री?”

मला हसूही आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदम.

“झाली, बाबा.”

“मग!” म्हणून बाबांनी मांडीवर थाप मारली आणि दोस्तांकडे वळून, मी आले म्हणून, सगळं परत पहिल्यापासून सांगायला घेतलं.